छडी गेली, पुढें काय?

तळेगांवाहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इंद्रायणीच्या कांठीं, इंदुरी हें गांव आहे. दाभाडे सरदारांच्या भुईकोटाजवळून सकाळीं दप्तरें घेऊन जाणारीं मुलें पाहिलीं म्हणजे मावळाचें बदललेलें रूप एकदम ध्यानांत येतें. एकाचा बाप भातखाचरांत राबणारा, दुसऱ्याचा चाकणच्या कारखान्यांत पाळी करणारा, तिसऱ्याचा मराठवाड्यांतून अगर थेट बिहारांतून पोटासाठीं आलेला. घरची बोली निराळी, घरची शिस्त निराळी. परंतु घंटा झाली म्हणजे अशीं सर्व मुलें एकाच वर्गांत येऊन बसतात व त्यांच्यापुढें एकच शिक्षक उभा राहतो. त्या शिक्षकानें सहा-सात वर्षांच्या या जिवांना कसें शिकवावें आणि वर्ग कसा सांभाळावा, हा प्रश्न वरवर पाहतां लहान दिसतो. आमच्या मतें आजच्या महाराष्ट्रापुढें याहून मोठे प्रश्न फार थोडे आहेत.

आम्ही कायद्याच्या धंद्यांतले असल्यामुळें प्रथम कायद्याकडे पाहतों. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल नामदार गोखल्यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत मांडलें. तें पुढल्याच वर्षीं नामंजूर झालें. त्यानंतर जवळ जवळ शंभर वर्षांनीं, २००९ सालीं, बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा संमत झाला, व १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. त्याच्या सतराव्या कलमानें मुलांस शारीरिक शिक्षा करण्याची व त्यांचा मानसिक छळ करण्याची मनाई केली आहे. हें कलम न्याय्य आहे याविषयीं आम्हांस तिळमात्र संशय नाहीं. परंतु आपल्या मीमांसकांनीं विधि आणि निषेध असा जो भेद केला आहे, तो येथें आठवतो. अमुक करूं नये हा निषेध. अमुक करावें हा विधि. सतरावें कलम हा निषेध आहे. शिक्षकाच्या हातांतली छडी आपण काढून घेतली. त्या रिकाम्या हातांत दिलें काय? छडीवांचून वर्ग सांभाळण्याची रीत ज्याला कोणीं दाखविलीच नाहीं, तो छडी टाकून दरडावणें, टोमणे मारणें, 'ढ' म्हणून नांव ठेवणें हीं हत्यारें उचलतो. कायद्यानें तींही निषिद्धच आहेत. पण त्यांचे वळ अंगावर उमटत नाहींत, म्हणून तीं सांपडत नाहींत.

या दुखण्याचें मूळ एका जुन्या समजुतींत आहे. जो वर्ग चिडीचूप तो वर्ग चांगला, अशी ती समजूत होय. आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतों: दुकानांत नवा पोऱ्या ठेवला म्हणजे तुम्ही त्याला दिवसभर हाताची घडी घालून बसवितां काय? तुम्ही त्याला माल ओळखावयास लावतां, तराजू हातीं देतां, चुकला तर पुन्हां तोलून पाहावयास सांगतां. ज्या पोऱ्याला मालकाचा धाक फार, तो चूक दाबून ठेवतो, आणि ती वर्षअखेरच्या हिशेबांत बाहेर पडते. शाळेंतही हेंच घडतें. भ्यालेलें मूल विचारीत नाहीं. तें शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरून घेतें. त्याची वही भरते, पालक संतुष्ट होतात, आणि चौथीला गेल्यावर कळतें कीं त्याला चार ओळी वाचतां येत नाहींत. वर्गाची शांतता हें शिक्षणाचें चिन्ह नव्हे. मुलें कामांत गढलीं म्हणजे जो हलका गलबला होतो, तो निराळा. आणि काम नसल्यामुळें जो गोंधळ माजतो, तो निराळा. हा भेद ज्याला ऐकूं येतो तोच खरा शिक्षक.

मुलाला कामांत कसें गढवावें याचें एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें गांवच्या लहानग्यांसाठीं कार्य आरंभिलें, व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. गरीब वस्तींतलीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां ताराबाईंनीं त्यांस दोष दिला नाहीं. शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर झाला आहे, त्याचा उगम हा. पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्यें त्यांनीं काम केलें, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणावरच शाळा भरविली. महागडीं विलायती साधनें बाजूस ठेवून बिया, पानें, शंख, खडे हींच साधनें त्यांनीं मुलांच्या हातीं दिलीं. मूल जेथें आहे, ज्या भाषेंत आहे, ज्या वस्तूंत रमतें, तेथून आरंभ करावा, हा याचा इत्यर्थ. इंदुरीच्या शाळेस हें लागू नाहीं काय? इंद्रायणीचे गोटे, भाताच्या लोंब्या, बाजाराच्या दिवसाचे भाव हें सर्व तेथें फुकट आहे. परप्रांतीय मुलाला त्याच्या घरच्या भाषेंत त्या गोट्याचें नांव विचारा, तें फळ्यावर मांडा, शेजारीं मराठी शब्द मांडा; तें मूल त्या दिवसापासून वर्गांतलें झालें.

दुसरें उदाहरण गणिताचें. २०१९ सालीं 'बालभारती'च्या दुसरीच्या पुस्तकांत सत्तावीस या वाचनाच्या जोडीला 'वीस सात' असेंही वाचन दिलें गेलें, तेव्हां विधिमंडळापासून चव्हाट्यापर्यंत त्याची थट्टा झाली. गणिताच्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनीं त्यामागील हेतु शांतपणें समजावून सांगितला. पण ऐकण्यास किती तयार होते? तो उपाय कोणास पटो वा न पटो, रोग खरा होता. सत्तावीस म्हणतांना सात आधीं येतात, लिहितांना मात्र दोन आधीं. म्हणून मूल ७२ लिहितें. तें आळशी नाहीं. त्यानें कानांवर विश्वास ठेवला इतकेंच. ही गोष्ट जाणणारा शिक्षक रागावत नाहीं. तो दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या बांधून देतो, बाजूला सात सुट्या काड्या ठेवतो आणि म्हणतो, 'आतां हें लिही.' चूक कां झाली हें समजलें म्हणजे शिक्षेची गरज राहत नाहीं. मुलाच्या बहुतेक अपराधांची हीच कथा आहे. काम फार अवघड असेल तर मूल खोडी काढतें, फार सोपें असेल तरीही काढतें. कधीं त्याला फळा दिसत नसतो, कधीं ऐकूं कमी येतें, कधीं तें उपाशी आलेलें असतें. शिक्षकानें आधीं या गोष्टी पाहाव्या, मग स्वभावास बोल लावावा.

यावर शिक्षक म्हणतील, 'हें सर्व खरें. पण एका खोलींत दोन-तीन इयत्ता असतां हें करावें कसें?' हा आक्षेप पोकळ नाहीं. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेस साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, इयत्ता पांच! परंतु यासही उपाय आहे, आणि तो कांहींसा आपल्याच जुन्या शाळांत होता. पंतोजींची छडी आम्हांस नको. पण त्यांच्या शाळेंत मोठीं मुलें लहानांस धुळाक्षरें गिरवावयास शिकवीत, ती रीत टाकाऊ नव्हती. अँड्र्यू बेल नांवाच्या पाद्र्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस ही देशी पद्धति मद्रासेस उचलली, आणि ती 'मद्रास पद्धति' म्हणून विलायतेंत मिरवली! आज शिक्षकानें वर्गाचे तीन गट पाडावे. एकाला स्वतः शिकवावें. दुसऱ्याला जें काम आपलें आपण करून तपासतां येईल तें द्यावें. तिसऱ्यानें जोडीजोडीनें वाचावें. मग गट फिरवावे. गट इयत्तेवरून न पाडतां, निदान दिवसाचा कांहीं वेळ तरी, मुलाला काय येतें यावरून पाडावे. १९९५ सालीं मुंबईंत आरंभलेल्या 'प्रथम' संस्थेनें ही रीत अनेक प्रांतांत चालवून दाखविली आहे. घंटा होण्यापूर्वीं प्रत्येक गटाचें काम फळ्यावर असावें. वस्तूंच्या जागा ठरलेल्या असाव्या. नियम तीन-चारच असावे, ते मुलांशीं बोलून ठरवावे आणि ते रोज पाळले जावे. आज सोडला व उद्यां लादला तो नियम नव्हे, लहर होय. लहान मुलाला एका जागीं फार वेळ डांबूं नये. लांबून ओरडण्यापेक्षां जवळ जाऊन हळू बोलावें. शाबासकी द्यावयाची तर 'हुशार' असें मोघम म्हणूं नये. 'ळ छान वळविलास' असें नेमकें सांगावें.

'आम्ही मार खाऊनच शिकलों, आमचें काय बिघडलें?' असें म्हणणारे सद्गृहस्थ पुष्कळ आहेत. वकिलाच्या दृष्टीनें हा पुरावा कच्चा आहे. जे शिकले तेच साक्षीस उभे राहतात. ज्यांनीं छडीच्या भयानें दुसरींतच शाळा सोडली व जन्मभर अंगठा उठविला, त्यांची साक्ष कोणीं नोंदविली? ते आपल्या बैठकींत येत नाहींत, वर्तमानपत्रांत लिहीत नाहींत. एका बाजूचे साक्षीदार ऐकून निकाल देणारा न्यायाधीश आम्ही पाहिला नाहीं. मुलांच्या बाबतींत मात्र आपण पिढ्यान् पिढ्या तसा निकाल देत आलों आहों.

हा दोष सर्वस्वी शिक्षकाच्या माथीं मारणेंही अन्यायाचें होईल. महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत प्राथमिक शिक्षक चांगला तयार केलेला असावा आणि त्यास पुरेसा पगार मिळावा, अशी स्पष्ट मागणी केली होती. आजच्या कायद्याचें सत्ताविसावें कलम सांगतें कीं, जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षणेतर कामास शिक्षकास जुंपूं नये. हें कलम पुस्तकांत राहूं नये, यासाठीं नागरिकांनींच जाब विचारला पाहिजे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचतां यावें व मूलभूत गणित यावें, असें उद्दिष्ट 'निपुण भारत' योजनेनें २०२१ सालीं ठरविलें, व त्यास २०२६-२७ ही मुदत घातली. मुदती कागदावर पाळल्या जातात. मुलें मात्र वर्गांत शिकतात, आणि वर्गांत शिक्षकच नसेल तर कोणतीही मुदत व्यर्थ आहे.

आपल्या हातींही अधिकार आहेत. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे, व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या, असें एकविसावें कलम म्हणतें. या समितीच्या सभेंत भिंतीच्या रंगाची व ध्वजवंदनाच्या खाऊची चर्चा पुष्कळ होते. पुढल्या सभेंत पालकांनीं एवढेंच विचारावें: कोणत्या मुलाला अजून वाचतां येत नाहीं, आणि त्याच्यासाठीं या महिन्यांत काय करावयाचें ठरलें आहे? इंदुरीहून जवळच, तळेगांवीं, विष्णु गोविंद विजापूरकरांचें समर्थ विद्यालय होतें. १९१० सालीं इंग्रज सरकारनें तें बंद पाडलें. त्या वेळीं दोष देण्यास परकें सरकार होतें. आज सरकार आपलें, कायदा आपला, शाळा आपली, आणि समितींत बसणारा पालकही आपलाच आहे. तेव्हां दोष दुसऱ्यावर ढकलण्याची सोय उरलेली नाहीं. आज संध्याकाळीं मूल घरीं आलें म्हणजे 'किती पानें लिहिलींस' असें विचारूं नका. 'आज गुरुजींना काय विचारलेंस' असें विचारा. तें गप्प राहिलें, तर दुसऱ्या दिवशीं शाळेंत जा.