दोन घरे, दोन न्याय

मुंबईत कचेरी आणि अलिबागेस समुद्रकाठी बंगला, ही विभागलेली राहणी आता निव्वळ खासगी चैन राहिलेली नाही. शासनाने तिची वाट सुकर केली आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारीही वाहून नेणारी बोट सुरू झाली. त्याच महिन्यात टाळेबंदी पुकारली गेली आणि चंद्रपूर-गडचिरोलीतून तेलंगणात मिरची तोडायला गेलेले हजारो मजूर तेथेच अडकून पडले. कित्येकांनी लेकराबाळांसह पायी गाव गाठले. बंगलेवाल्यांचे काम मात्र घरबसल्या चालू राहिले.

गोंडपिपरीसारख्या धानाच्या तालुक्यातील भूमिहीन कुटुंबही वर्ष दोन ठिकाणी विभागूनच काढते. धानकापणी उरकली की गावात काम उरत नाही. म्हातारी माणसे घर राखतात, कर्ती माणसे सीमा ओलांडतात. कधी मूलही जाते. नाव इथल्या शाळेच्या पटावर, मूल तिथल्या बांधावर. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारामार्फत नेलेल्या मजुरास प्रवासभत्ता, विस्थापन भत्ता आणि निवारा देऊ केला होता. परंतु तोंडी बोलीवर गेलेल्याची नोंदच नसेल, तर त्याने हक्क मागावा कोणाकडे?

रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ सालीच केला. ते काम धानकापणी संपताच, मजुरांच्या गाड्या सुटण्यापूर्वी गावात निघाले पाहिजे. आणि तरीही जे जातील, त्यांची नोंद निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीत झाली पाहिजे.