सुकीच्या काठाकाठाने

धरण पाहायला गेलेला माणूस काय करतो? भिंतीजवळ उभा राहतो, "अबब, केवढे पाणी!" म्हणतो, घरच्या मंडळींना ओळीने उभे करून फोटो काढतो, कुठे गाडी दिसली तर भजी खातो आणि परत फिरतो. गेली चाळीस वर्षे मीही हेच करीत आलो. धरणाला दुसरी बाजूही असते आणि तिकडे चालत जाता येते, हे मला साठी उलटल्यावर कळले. तेही आमच्या दाजींमुळे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सावद्याच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला त्यांची केळीची बाग आहे. मागच्या कोजागरीला आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. जळगावला उतरून भुसावळ, मग फैजपूर. १९३६ च्या डिसेंबरात खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन ते इथलेच. आमच्या शाळेत मास्तर हे इतक्या अभिमानाने सांगत, की जणू मांडवाचे बांबू त्यांनीच रोवले होते! त्यापुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. पुणे-मुंबईहून येणाऱ्याला वाटते, या मुलखात पाण्याला काय तोटा?

घरी पोहोचलो तो ताईचा चेहरा उतरलेला. चहा होताच तिने मला माजघरात बोलावले. "अरे, हे बाग काढायची म्हणताहेत. तू तरी समजाव."

समजावणार काय! बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने बागायतदाराला काय सांगावे? विहीर आटून बरीच वर्षे झालेली. त्यानंतरची पहिली बोअर गेली, दुसरी गेली, आता तिसरी सातशे फुटांवर. तीही उन्हाळ्यात तासाभरात धापा टाकते. दाजी हे सगळे दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट असावी तसे सांगत होते. मध्येच म्हणाले, "उद्या गारबर्डीच्या धरणावर जाऊ. भरलंय म्हणतात. पाहून तरी येऊ, पाणी कसं दिसतं ते."

गारबर्डीचे धरण म्हणजे सुकी नदीवरचे मातीचे धरण. रावेर तालुक्यात, पालच्या वाटेला. १९७७ साली पुरे झाले. नदीचे नावच सुकी! पावसाळ्यात डोंगरातून धावत येणारी ही नदी सपाटीवर आली, की उन्हाळ्यात नुसत्या गोट्यांचा पट्टा उरते. त्यामागचे कारण मोठे मनोरंजक आहे. सातपुड्याच्या पायथ्याला जमीन मोठ्या भेगेने खचलेली आहे, आणि त्या खचाला लागून डोंगरातून वाहून आलेले दगडगोटे आणि जाड वाळू यांचा थर साठला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातले ओढे या पट्ट्यात शिरले की चाळणीत ओतल्यासारखे खाली जातात आणि जमिनीच्या पोटातून तापीच्या दिशेने सरकत राहतात. यावल-रावेरच्या विहिरी पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर पोसल्या. म्हणजे सुकी सुकत नाही, ती खाली जाते. आपण मात्र तिच्यामागोमाग पंप घेऊन खाली गेलो.

दुसऱ्या दिवशी जेवणे आटोपून निघालो. दाजी, मी आणि त्यांचा बारा वर्षांचा नातू. ताईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "पाच वाजता घरात पाहिजे," असे तिने बजावले. दाजींचा उजवा गुडघा दुखरा, म्हणून काठीही दिली. ती त्यांनी गाडीतच ठेवली.

भिंतीजवळ नेहमीचा कार्यक्रम झाला. पाणी खरोखरच काठोकाठ होते. हिरवट, स्थिर, आणि पलीकडे सातपुड्याच्या रांगा एकीमागे एक फिकट होत गेलेल्या. मी परत फिरण्याच्या बेतात होतो. पण दाजी काठाची एक पायवाट धरून चालू लागले. चाळीस वर्षे या मुलखात बागायत केली, पण धरणाची मागची बाजू त्यांनी कधी पाहिली नव्हती.

हल्लीची मुले याला ट्रेकिंग म्हणतात. पण इथल्या वाटांना ना पाट्या, ना दगडांवर रंगाच्या खुणा. गुरांनी पाडलेल्या, मोहाची फुले आणि तेंदूची पाने गोळा करणाऱ्यांनी रुळवलेल्या या वाटा. लागूनच यावलचे अभयारण्य आहे, १९६९ पासूनचे. साग, सालई, पळस, मोह आणि मधूनमधून अंजन. मुलाने एक पान तोडले आणि ओरडला, "आपटा! परवा दसऱ्याला हेच वाटलं आपण!" दाजी हसले. ते पान अंजनाचे होते. आपट्यासारखेच जोडपान, फक्त लहान. याचे लाकूड इतके जड, की पाण्यात टाकले तर तळाला जाते. मुलाला ते पटेना. वाळकी काटकी शोधून प्रयोग करायचाच म्हणाला. त्यात आमची दहा मिनिटे गेली. काटकी बुडाली तेव्हा त्याने वर्गातला गुन्हेगार पकडल्यासारखी टाळी वाजवली.

धरणाचा काठ सरळ असेल अशी माझी कल्पना होती. माझे बालपण धुळ्याचे. वडिलांबरोबर नकाण्याच्या तलावावर जायचो. तिथे काठावर उभे राहिले, की तलाव नजरेत मावतो. इथे तसे नव्हते. डोंगरातून येणारा प्रत्येक नाला म्हणजे पाण्याचे एक लांब बोट, आत आत गेलेले. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो, पण तिथे जायला बोटाच्या टोकापर्यंत जाऊन परत यावे लागते. पहिले बोट हौसेने ओलांडले. दुसऱ्याला दाजी बसले, गुडघा चोळला, दशम्या संपवल्या. पाणकावळे एका बुडालेल्या झाडावर पंख पसरून वाळत बसले होते.

तिसऱ्या बोटाशी वाट पाण्यात शिरली. खरोखरच शिरली. आमच्या पायांखालची पायवाट तशीच उतरत पाण्यात गेली आणि पन्नासेक पावलांवर पलीकडे पुन्हा बाहेर आलेली दिसत होती. "उथळ असेल," मी म्हणालो. दाजींनी माझ्याकडे असे पाहिले, की मी पुढे बोललो नाही. धरणाच्या पाण्याची खोली वरून कळत नाही, आणि खाली गाळ असतो. आम्ही वळसा घ्यायला नाल्याच्या अंगाने वर निघालो. वाट सुटली. गवत कमरेइतके. पाचाची वेळ कधीच टळली होती आणि आश्विनात सहाला उजेड उतरू लागतो. मुलाच्या बाटलीतले पाणी संपले. आधी तो दोनदा मागून गप्प राहिला, मग त्याचा आवाज रडवा झाला. बाजूला कोट्यवधी लिटर पाणी, आणि त्यातले ओंजळभर प्यायला द्यायची माझी हिंमत होईना. त्या वेळी मला खरोखर भीती वाटली. ताईला काय सांगायचे, हा विचारही मनात येऊन गेला.

शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या त्या तेव्हा. एक पावरा म्हातारा, खांद्यावर कुऱ्हाड, पुढे पंधरा-वीस शेळ्या. त्याने आमच्याकडे पाहिले, मग मुलाकडे. "वाट पान्यात गेली," तो म्हणाला. "पानी चढेल हाये." एवढे बोलून तो नाल्याच्या वाळूत बसला आणि हातांनी खड्डा उकरू लागला. हातभर खोल. पहिल्यांदा गढूळ पाणी आले, ते त्याने उपसून टाकले. पुन्हा आले, पुन्हा उपसले. तिसऱ्या वेळी तळाला वाळूचे कण दिसावेत इतके निवळ पाणी हळूहळू चढले. हा झिरा. सातपुड्यात असे झिरे खणून माणसे पाणी पितात. वाहत्या नाल्याशेजारीच हा खटाटोप कशाला, तर वाळू पाणी गाळते म्हणून. मुलाने पळसाच्या पानाच्या द्रोणाने पाणी प्यायले. मग मी.

दाजी प्यायले नाहीत. ते झिऱ्याकडे पाहत उकिडवे बसले होते, दुखरा गुडघा विसरून. त्यांनी त्या म्हाताऱ्याला विचारले, "किती खोल लागतं पाणी?"

"हातभर."

"उन्हाळ्यात?"

म्हाताऱ्याने स्वतःच्या छातीला हात लावला.

दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "माझ्याकडं सातशे फूट. आणि पाणी हेच."

अंधार पडता पडता म्हाताऱ्याने आम्हाला रस्त्याला लावले. दाजींनी देऊ केलेले पैसे घेतले नाहीत, तंबाखू घेतली.

परतताना गाडीत मी त्यांना धुळ्याकडची फडपद्धत सांगत होतो. पांझरेवर काही शतकांपासून लहान लहान बंधारे आहेत. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडायचे, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाटाने पाणी पाळीपाळीने, आणि ते सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. १८८४ साली नोकरीला लागलेले तरुण विश्वेश्वरय्या सुरुवातीला याच खानदेशात होते. दातर्तीला पांझरेच्या पाण्यासाठी त्यांनी सायफन बांधले. त्या पाटाचे पाणी सगळ्या गावाला दिसे. कमी झाले तर सगळ्यांनाच कमी. बोअरचे पाणी कुणालाच दिसत नाही, म्हणून शेजाऱ्याने पन्नास फूट खाली नेली, की आपण शंभर नेतो. दाजी म्हणाले, "तुम्ही पुण्यात राहून सांगता, पण खरं आहे." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मला चाळीस वर्षांत मिळालेली नाही.

याच पट्ट्यात तापीचे पाणी मुद्दाम मुरवण्याची मोठी योजना आहे. तिचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने २०२५ च्या मे महिन्यात केला. दाजींना त्यावर विचारले, तर ते म्हणतात, योजना येईल तेव्हा येईल. त्यांनी मात्र शेतातला ओढा दोन ठिकाणी दगडांनी अडवला आणि जुन्या विहिरीत टाकलेला कचरा काढून पावसाचे पाणी तिच्यात वळवले. बाग अर्धी काढली, अर्धी ठेवली. विहिरीला या पावसाळ्यात पाणी आले, असे ताईने फोनवर सांगितले. ते टिकेल का, हे विचारायचे मी टाळले.

तुम्हाला जायचे असेल तर पावसाळा सरल्यावर जा. पालला वनखात्याकडे आधी विचारा. स्थानिक माणूस बरोबर घ्या आणि त्याला पुरेसे पैसे द्या. तीनच्या आत परत फिरा. माणशी दोन बाटल्या पाणी न्या, आणि काठी गाडीत ठेवू नका. वाट पाण्यात शिरली, तर ती उथळ असेल असे म्हणू नका. आणि ताई कधी भेटलीच, तर आम्ही त्या दिवशी नुसती भिंत पाहून, भजी खाऊन परत आलो, असेच तिला सांगा. गाडी पंक्चर झाली होती, म्हणून उशीर झाला.