शिक्का देशभर एक, दाखला मात्र राज्यागणिक वेगळा

दरवर्षी ३१ ऑगस्टला विमुक्त दिन होतो. भाषणे होतात, हार घातले जातात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. १९५२ साली याच दिवशी तो कायदा रद्द झाला, पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले (आपल्याकडचा १९५९ चा) आणि पोलिसांची नजर तीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्येही विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले.

आमचा आक्षेप मुख्यतः वर्गवारीवर आहे. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती. कैकाडी तर एकाच राज्यात दोन! विदर्भात अनुसूचित जाती, बाकी महाराष्ट्रात विमुक्त. सोयरीक दोन्हीकडे, कायदा मात्र वेगळा.

याची किंमत राईनपाड्यात दिसली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील या गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. हा समाज राज्यात भटक्या जमातीत मोडतो, म्हणून ॲट्रॉसिटी कायदा त्यांच्या बाजूने उभा राहू शकत नाही.

आणि दाखला? त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आज्याला कोणत्याही गावाने तीन रात्रींपेक्षा जास्त पाल ठोकू दिले नाही, त्यांनी सातबारा कुठून आणायचा? केंद्राची 'सीड' योजना २०२२ मध्ये सुरू झाली, पाच वर्षांसाठी २०० कोटींची. पण तिच्या दारातही आधी दाखलाच विचारतात. इदाते आयोगाचा अहवाल २०१७ मध्येच आला. अडीचशेहून अधिक समाज कोणत्याच यादीत नाहीत, हे त्यातून पुढे आले.

राज्यात एक आणि दिल्लीत दुसरेच, हे आपल्याला नवे नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना १९९० पर्यंत झगडावे लागले. म्हणून हा प्रश्न 'त्यांचा' म्हणून बाजूला ठेवणे आम्हाला पटत नाही.

२०२७ च्या जनगणनेत जात नोंदवली जाणार आहे. विमुक्त-भटक्यांसाठी त्यात स्वतंत्र रकाना हवा, ही मागणी आपल्या निवेदनांतही यावी. प्रगणक पालावर पोचतो का, हे पाहायला प्रत्येक तालुक्यातून दोन-चार तरुण तरी सोबत जावेत. आणि जुना कागद नसेल तिथे स्थानिक चौकशी करून दाखला द्या, हा अर्ज तहसीलदारांकडे आजच देता येतो.