ट्रॉलीला रंग नंतर द्या, आधी आवाज ऐका

दसरा-दिवाळी आली की आपल्याकडं ट्रॉल्या धुऊन, रंगवून तयार होतात. केज, धारूर, वडवणीची बिऱ्हाडं लेकराबाळांसकट त्यात बसून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. "मागच्या सीझनला चालली, यंदाही चालंल" हे बोलणं मला पटत नाही. प्रत्येक खड्ड्याला चीर थोडी थोडी वाढत असते. उरलेलं लोखंड पुरेनासं झालं की भरल्या ओझ्याखाली एका झटक्यात तुटतं.

माठ घेताना आपण वाजवून बघतो. चांगला टणटण वाजतो, चिरलेला बद्द. लोखंडाचंही तसंच. चीर पडली की ताठपणा कमी होतो, कंप मंदावतो, आवाज खाली येतो. चिरेच्या कडा एकमेकींवर घासतात, म्हणून नादही लवकर मरतो. पूर्वी रेल्वेत चाकं हातोडीनं ठोकून बघायचे ते याचसाठी.

ट्रॉली रिकामी करा, नट-बोल्ट आवळा (ढिल्या नटानंही आवाज बिघडतो). मग चासी, एक्सल डाव्या-उजव्या बाजूला सारख्याच जागी ठोका. आवाज वेगळा आला तर संशय घ्या.

पण आवाज चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ताठपणा 10 टक्के घटला तरी कंपाचा वेग साधारण 5 टक्केच उतरतो. बारीक चीर तर कानाला कळतच नाही. म्हणून हूक, दांडा, वेल्डिंगच्या कडा खरवडून साफ करा, रॉकेल नाहीतर डिझेल लावा, थोड्या वेळानं कोरडं पुसा आणि वरून खडू घासा. चीर असंल तर तेल झिरपून खडूवर काळपट रेघ उमटते.

रेघ दिसली तर नुसतं वरून वेल्डिंग मारू नका. चीर जिथं संपते तिथं भोक पाडा, सगळी चीर ग्राइंडरनं खोल उकरा, मग भरा. एक्सलला चीर असंल तर एक्सलच बदला.

उचल देताना करारावर सह्या, अंगठे घेतले जातात. त्याच कागदात ट्रॉलीच्या तपासणीची एक ओळ का नसावी? कारखान्यानं ती मागावी, मुकादमानं दाखवावी आणि त्याशिवाय मजुरानं ट्रॉलीत पाय ठेवू नये, असं माझं मत आहे. रंगानं चीर झाकते, बुजत नाही.