बोअरच्या सौद्यात फेसाचाही हिशेब हवा

कापड मीटरने विकले जाते, पण गिऱ्हाईक ते हातात घेऊन, उजेडात धरून पाहते. बोअर फुटाने विकली जाते आणि घेणाऱ्याला आत काहीच दिसत नाही. आमच्या असोद्यापासून धुळ्यापर्यंत रंगारी, बेकरीवाले, बर्फ कारखानदार अशा सर्वांना पाणी लागते. तरी एवढा मोठा सौदा आपण ‘फुटाला काय घ्याल?’ या एकाच प्रश्नावर उरकतो. आमचे स्पष्ट मत असे की दुसरा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा आहे: ‘गाडीवर फोमची सोय आहे काय?’

फोम म्हणजे फेस. खान्देशात तापीकाठी गाळाचे जाड थर आहेत आणि इतर बहुतेक भागात काळा पाषाण. पाषाणात डीटीएच हॅमरची गाडी चालते. तमिळनाडूतील तिरुचेंगोडच्या अशा गाड्या देशभर फिरतात. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाते, हॅमर ठोकते आणि खडकाचा चुरा घेऊन वर येते. त्यासाठी ती हवा भोकातून मिनिटाला साधारण 3,000 फूट वेगाने वर यावी लागते. खडकात भेगा लागल्या की हवा तिकडेच निसटते. थोडा ओलावा लागला की चुऱ्याचा चिकट गारा होऊन रॉडभोवती बसतो. मग हॅमर अडकतो, कधी कधी निघतच नाही, आणि सगळा खर्च मातीत जातो.

यावर इलाज म्हणून हवेबरोबर थोडे पाणी आणि फेस करणारे द्रावण पंपाने सोडतात. दाट फेस मंद गतीनेही चुरा उचलून आणतो, हवा कमी लागते, धूळही बसते. ही काही गाडीवाल्यांची जुगाड नव्हे. तेल आणि वायूच्या विहिरींत एरवी जड चिखल वापरतात. पण जुन्या क्षेत्रात जमिनीतला दाब उतरलेला असतो. तेथे चिखल खडकाच्या छिद्रांत शिरून तेलाची वाटच बंद करतो. म्हणून तेथे हलका फेस वापरतात. हवा आणि वायू मिसळून भडका उडू नये म्हणून त्यात हवेऐवजी बहुधा नायट्रोजन घालतात. जे ज्ञान तेल कंपन्या मोठी किंमत मोजून वापरतात, ते आपल्या दारात उभ्या गाडीवर थोड्या खर्चात मिळू शकते.

मात्र फेसाला जादू समजू नये. जमिनीत पाणी नसेल तर फेस ते आणत नाही. तापीकाठच्या सैल गाळात भोकाच्या भिंती धरून ठेवायला चिखल वापरणारी रोटरी गाडी आणि केसिंगच लागते. फेसात बारीक झरा लपूनही जातो, म्हणून पाणी मोजताना फोम बंद करून नुसती हवा मारायला सांगावे. काही जण दुकानातली कपडे धुण्याची पावडरच ओततात. पिण्याच्या पाण्याच्या बोअरीत हे चालवून घेऊ नये. बोअरीसाठी बनवलेले, मातीत विरघळून नष्ट होणारे द्रावणच मागावे आणि फेस पूर्ण जाईपर्यंत बोअर धुऊन घ्यावी.

बंधूंनो, सौदा कागदावर करा. फुटाचा भाव, केसिंग, फोम आणि धुलाई यांचे पैसे वेगळे की त्यातच, हे अगोदर लिहून घ्या. रॉडची लांबी मोजा आणि रॉड स्वतः गणा. कोणत्या फुटाला कोणता थर लागला आणि पाणी कोठे लागले, याची नोंद मागा. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फूट, किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटले आहे, आणि गाडीमालकाला नोंदणीचे बंधन आहे. तेव्हा नोंदणीचा कागद पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

स्वस्त भाव सांगून हॅमर अडकवणारा शेवटी महागच पडतो. व्यापारात मालाची पारख करणाऱ्या आपल्या लोकांनी पाण्याच्या सौद्यात डोळे मिटून पैसे मोजावेत, हे आम्हाला पटत नाही.