तळहातावरचे पाताळ

आपल्या व्यवसायात पोर्ट करणाऱ्याला जो मान मिळतो तो, स्पष्टच सांगायचे तर, नकलनविसाचा मान आहे. मूळ खेळ कोणी कल्पिला, त्यातील पात्रे कोणी रेखाटली, संगीत कोणी रचले, हे सारे चाहत्यांना मुखोद्गत असते. परंतु तोच खेळ एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सुखरूप आणण्यासाठी ज्यांनी महिनोन्‌महिने खर्ची घातले त्यांच्या कामावर 'असलबरहुकूम नक्कल' एवढाच शेरा मारून लोक मोकळे होतात. पुण्या-मुंबईत बसून परदेशी कंपन्यांचे खेळ नव्या यंत्रांवर उतरवून देणारे आमचे अनेक वाचक या शेऱ्याचे धनी आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींनी तो स्वतःविषयी मनोमन मान्यही करून टाकला आहे, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. म्हणून या महिन्यात एका जुन्या पोर्टचा जरा सविस्तर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. जपानच्या निप्पॉन इची सॉफ्टवेअर या कंपनीच्या 'डिसगाया' या विनोदी व्यूहप्रधान भूमिका-खेळाची, २००६ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन पोर्टेबल ऊर्फ पीएसपीवर अवतरलेली आवृत्ती, ही ती कृती होय.

मूळ खेळ २००३ च्या जानेवारीत प्लेस्टेशन २ साठी निघाला. गिफू प्रांतातील काकामिगाहारा या गावी, टोकियोच्या झगमगाटापासून दूर, काम करणाऱ्या या छोट्या कंपनीने, सोहेइ नीइकावा यांची कथा, ताकेहितो हारादा यांची पात्ररेखाटने आणि तेन्पेइ सातो यांचे संगीत एवढ्या भांडवलावर, आपल्याहून कितीतरी मोठ्या कंपन्यांना न सुचलेली गोष्ट साधली. व्यूहप्रधान खेळ म्हटला की राजवंश, द्रोह आणि युद्धाचे गांभीर्य ओघाने यावे असा तोवरचा रिवाज होता. येथे राजवंश आहे, पण तो पाताळातला. पाताळाचा राजपुत्र लाहार्ल दोन वर्षांच्या झोपेतून उठतो तो काय, बाप निवर्तलेला, सरदार शिरजोर झालेले आणि पदरी राहिलेली एटना ही अनुचरी, जिच्या निष्ठेची हमी कोणीही देऊ नये. त्यात त्याच्या बापाचा वध करण्यासाठी स्वर्गातून आलेली फ्लॉन ही शिकाऊ देवदूत, प्रेमावरील आपल्या अढळ श्रद्धेने त्याला पुरती बेजार करते. पापी माणसांचे आत्मे पेंग्विनच्या देहात कोंडून तयार झालेले प्रिनी नावाचे पाताळातील मोलकरी या साऱ्यांची धुणीभांडी करतात, आणि रणांगणावर कोणी उचलून फेकले की जागच्या जागी फुटून जातात. अमेरिकेत त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ॲटलसने हा खेळ आणला तेव्हा मागणीचा अंदाज इतका चुकला की प्रती संपल्या आणि जुन्या प्रती चढ्या भावाने विकल्या जाऊ लागल्या. पुढे आलेल्या पोर्टांनी हा खेळ अनेकांच्या प्रथमच हाती दिला, ही गोष्टही त्यांच्या जमेच्या बाजूस मांडली पाहिजे.

तथापि खेळाचा प्राण कथेत नाही, तो 'आयटेम वर्ल्ड'मध्ये, म्हणजे वस्तूंच्या पोटातील जगात आहे. आपल्याजवळील कोणतीही वस्तू घ्यावी, खड्ग असो, चिलखत असो की साधी औषधाची गोळी असो, तिच्या आत शिरता येते. आत मजल्यावर मजला अशी रणांगणे रचलेली असतात, सामान्य वस्तूत तीस, दुर्मीळ वस्तूत साठ आणि सर्वश्रेष्ठ प्रतीच्या वस्तूत शंभर, आणि जसजसा एकेक मजला सर होतो तसतशी ती वस्तू बळावत जाते. हे मजले कोणा माणसाने आखलेले नसून दर वेळी यंत्र ते नव्याने आखते. पात्राची पातळी ९९९९ पर्यंत चढू शकते, ती तेथवर नेऊन पुनर्जन्म देता येतो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करता येतो, यावरून या खेळाला खेळणाऱ्याकडून किती वेळ अपेक्षित आहे याची कल्पना यावी. आता यातील एक नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. आत शिरल्यावर बाहेर पडण्याची सोय दर दहाव्या मजल्यानंतरच होते. मध्येच परतायचे तर त्यासाठी एक विशिष्ट वस्तू जवळ बाळगावी लागते, आणि सेव्ह करण्याची मुभा राजवाड्यात परतल्यावरच. सातव्या मजल्यावर निम्मे सैन्य गारद झालेले आहे, समोर आपल्याहून बलवान शत्रू उभा आहे आणि परतीची वस्तू संपली आहे, अशा वेळी खेळणाऱ्याच्या मनात जी धाकधूक उत्पन्न होते ती या नियमाची कमाई आहे. पण दिवाणखान्यातील टीव्हीसमोर बसणाऱ्यावर तोच नियम दुसरा एक जाच लादी: दहा मजले पुरे होईपर्यंत त्याने टीव्ही अडवून ठेवावा, किंवा केलेल्या श्रमांवर पाणी सोडावे.

हे दोन जाच एकाच नियमातून जन्मले असले तरी त्यांची जात भिन्न आहे. पहिला खेळाचा आहे आणि मोलाचा आहे. दुसरा यंत्राचा आहे आणि टाकाऊ आहे. पीएसपीची कळ सरकवली की यंत्र आहे त्या क्षणी निद्रिस्त होते आणि पुन्हा सरकवली की त्याच क्षणावर जागे होते, एवढ्या एका सोयीने दुसरा जाच समूळ नाहीसा झाला आणि पहिल्याला धक्काही लागला नाही. कारण झोपवलेला खेळ जेथल्या तेथे उठतो. सेव्ह केलेल्या खेळाप्रमाणे हरल्यावर मागे नेऊन पुन्हा मांडता येत नाही. एखाद्या अतिउत्साही पोर्टकाराने, हातात धरायचे यंत्र आहे, लोकांना सवड थोडी असते, असे म्हणून प्रत्येक मजल्यावर सेव्हची तजवीज केली असती तर सातव्या मजल्यावरील ती धाकधूक तत्क्षणी मेली असती, आणि तिच्याबरोबर आयटेम वर्ल्डचे प्रयोजनही. येथे काय करावे याइतकेच काय करू नये याला मोल होते. आमच्या बहुतेक वाचकांचे खेळ आज फोनवर खेळले जातात, लोकलमध्ये उभ्याने खेळले जातात, दादर आले की खिशात जातात. आणि या तुटक वेळेवरचा उपाय म्हणून जागोजाग सेव्ह पेरण्याचा जो प्रघात आपल्याकडे पडला आहे त्याचा फेरविचार या एका उदाहरणावरून अवश्य व्हावा.

पडद्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मूळ खेळातील स्प्राइट त्या काळच्या मानानेही ओबडधोबड असून मोठ्या टीव्हीवर त्यांचे कोपरे उघडे पडत. पीएसपीच्या ४८० गुणिले २७२ बिंदूंच्या, साडेचार इंचांहूनही लहान पडद्यावर तेच स्प्राइट घट्ट आणि रेखीव दिसू लागले, आणि पडदा रुंद असल्याने तिरकस मांडलेल्या पटाचा अधिक भाग एका दृष्टीत येऊ लागला. रंगीत चौकटींचे जे प्रकरण या खेळात आहे, ज्यात एक चिन्ह फोडले की एका रंगाच्या सगळ्या चौकटी दुसऱ्या रंगाच्या होतात आणि त्या बदलाची साखळी पटभर पेटत जाते, त्याला या रुंदीचा विशेष लाभ झाला. साखळी पेटताना संपूर्ण दिसली तरच तिचा आनंद. दोन वर्षांनी, २००८ साली, हाच खेळ निन्टेंडो डीएसवर गेला तेव्हा २५६ गुणिले १९२ बिंदूंत त्याची दाटी झाली. मात्र दुसऱ्या पडद्यावर नकाशा व इतर माहिती हलवून त्या पोर्टने आपल्या यंत्राकडून मिळण्यासारखे होते ते मिळवले.

विनोदाचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि आपल्या मासिकांतून त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. विनोदी खेळ पोर्ट करताना विनोद कोठे वसतो हे आधी शोधावे लागते. 'डिसगाया'तील पुष्कळसा विनोद नियमांतच मुरलेला आहे. पाताळात एक कायदेमंडळ आहे. दुकानात अधिक चांगला माल यावा, नवा सैनिक अधिक बलवान निपजावा, अशा प्रत्येक क्षुल्लक मागणीसाठी खेळणाऱ्याला त्या सभेपुढे दरखास्त ठेवावी लागते. सभासदांची मर्जी पाहून, त्यांना वस्तूंची लाच चारून मते वळवावी लागतात. आणि इतके करूनही ठराव नामंजूर झाला तर सभागृहातच शस्त्र उपसून विरोधकांना आडवे करण्याचा आणि ठराव बलपूर्वक संमत करून घेण्याचा मार्ग कायम खुला असतो. हा विनोद कोणाच्या मुखातील वाक्यावर अवलंबून नाही. खेळणारा स्वतः लाच देतो, स्वतः मतांची बेरीज करतो, आणि आपण हे करीत आहोत याचे त्याला हसू येते. प्रिनीला फेकून फोडण्याचेही तेच. असा विनोद कोणत्याही पडद्यावर, कोणत्याही यंत्रावर, नियम शाबूत असेपर्यंत शाबूत राहतो.

आवाजावर आणि वेळेवर उभा असलेला विनोद मात्र प्रवासात सहज दगावतो. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस पुढील भागाची जाहिरात करण्याचे काम एटना करते, आणि त्या जाहिरातीत ती स्वतःला नायिका ठरवून असे काही अद्भुत कथानक रचते की ज्याचा पुढील प्रकरणाशी तिळमात्र संबंध नसतो. हे सारे तिच्या बोलण्याच्या ठसक्यावर, वाक्य संपण्यापूर्वीच्या अर्ध्या क्षणाच्या विलंबावर चालते. पीएसपीच्या चकतीत जागा मुबलक असल्याने हे बोलणे टिकले. डीएसच्या कार्डात ती नसल्याने संवादांच्या ध्वनीला मोठी कात्री लावावी लागली, आणि वाचताना ज्या वाक्याला स्मित मिळते त्याच वाक्याला ऐकताना हशा मिळाला असता, ही तूट त्या आवृत्तीत राहून गेली. ती भरून काढण्यासाठीच की काय, खेळ चालू असता एका प्रिनीने त्यावर भाष्य करीत राहावे अशी नवी योजना त्या पोर्टकारांनी केली. जे वजा झाले त्याची जाणीव ठेवून त्याच जातीचे काही जमा करण्याचा हा प्रयत्न आम्हाला आदरणीय वाटतो, मग तो पूर्ण सफल झाला असो वा नसो.

पीएसपी आवृत्तीचे सर्वांत मोठे कर्तृत्व ज्याला आम्ही समजतो ते म्हणजे तीत नव्याने घातलेली 'एटना मोड' ही पर्यायी कथा. मूळ खेळाच्या आरंभी एटना लाहार्लला जागे करण्यासाठी एकामागून एक शस्त्रे उगारते आणि तो उठून बसतो. नव्या कथेत तो उठत नाही. जागे करण्याच्या भरात आपल्या हातून राजपुत्र मेला असे एटनाला वाटते, आणि पाताळाच्या गादीची वाट तिची तिलाच चालावी लागते. रणांगणे बहुतांशी जुनीच, स्प्राइट जुने, संगीत जुने. नवीन आहे ती लिखाणाची मेहनत आणि प्रसंगांची फेरमांडणी. दोघांना बिनतारी समोरासमोर लढता यावे ही सोयही त्या आवृत्तीत आली, पण तिचा उल्लेख पुरे. एटना मोडमध्ये जे घडले आहे ते असे की ज्यांनी तो रचला त्यांनी मूळ खेळ अंतर्बाह्य वाचला होता. जी पात्र-व्यक्ती प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'मीच नायिका' असे खोटे सांगत आली तिला खरोखरीच नायिका करावे, आणि तेही त्याच पहिल्या प्रसंगातील विनोद एक पाऊल पुढे रेटून करावे, ही कल्पना तांत्रिक मोजमापातून निघत नाही. नव्या कलाकृतींसाठी पैसा नसताना पोर्टमध्ये भर कशी घालावी असे आम्हाला वाचक नेहमी विचारतात. त्यांना याहून चांगला दाखला आमच्यापाशी नाही.

या भरीचे पुढे काय झाले तेही नमूद करतो. २०१६ साली हा खेळ संगणकावर आला आणि २०१८ साली पात्रे नव्याने रेखाटून स्विच व प्लेस्टेशन ४ वर आला, तेव्हा दोन्ही वेळा एटना मोड त्यात कायम होता. म्हणजे मूळ प्लेस्टेशन २ ची प्रत मागे पडली आणि हातातल्या यंत्रासाठी केलेली पीएसपीची प्रत हीच पुढील आवृत्त्यांची प्रमाण प्रत ठरली. ज्या कामाला आपण नक्कल म्हणतो त्याच्या दप्तरी ही नोंद असताना, आमच्या पोर्टकारांनी आपल्या करारनाम्यांत दोन कलमे आग्रहाने मागून घ्यावीत असे आम्हाला वाटते. पहिले, प्रत्यक्ष कामास हात घालण्यापूर्वी संबंधित सर्वांना मूळ खेळ अखेरपर्यंत, तोही मूळ यंत्रावर, खेळण्यासाठी पगारी मुदत मिळावी. दुसरे, पोर्टच्या पथकात आरंभापासून एक लेखक असावा, आणि काय कापायचे व काय ठेवायचे या बैठकीत त्याला मत असावे. परदेशी मालक पहिले कलम ऐकून आश्चर्य करतील आणि दुसरे ऐकून खर्चाचा हिशेब पुढे करतील. तेव्हा एटना मोडच्या खर्चाची बाजू त्यांच्यापुढे मांडावी.

पुढील अंकी 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'च्या २००७ सालच्या पीएसपी आवृत्तीचा परामर्श घेण्याचा मानस आहे. तेथे संहितेचे नवे भाषांतर आणि नवी चलचित्रे आली, पण मंत्रप्रयोगाच्या वेळी खेळाची गती मंदावली, आणि ती मंदगती लढाईच्या तालाला कोठवर बाधली हा वादाचा विषय आहे. ज्या वाचकांनी जुन्या कन्सोलवरील खेळ हातातल्या यंत्रांवर उतरवताना गतीचा असा प्रश्न प्रत्यक्ष सोडवला असेल त्यांनी आपले टिपण महिन्याच्या वीस तारखेपूर्वी पाठवावे, शक्यतो आकड्यांसह.