पत आणि परतफेड

'पत' हा शब्द मराठी पगारदाराला नवा नाही. पतपेढीत दोन सहकारी जामीन राहिले की कर्ज मंजूर होई. माणसाची ओळख हेच त्याचे तारण असे. आज मात्र त्याची पत ३०० ते ९०० यांमधील एका आकड्याने मोजली जाते. पतमाहिती गोळा करणारी 'सिबिल' ही कंपनी २००० साली स्थापन झाली; २००५ साली संसदेने अशा कंपन्यांच्या नियमनाचा कायदा केला. घरासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागणाऱ्या शिक्षकाचा वा कारकुनाचा अर्ज अधिकाऱ्याने नीट वाचण्यापूर्वीच हा आकडा त्याच्यापुढे आलेला असतो. म्हणूनच क्रेडिट कार्डाची थकबाकी कशी फेडावी, हा प्रश्न आता केवळ घरगुती हिशेबाचा राहिलेला नाही.

या प्रश्नात एक विसंगती दडलेली आहे. कार्डाच्या मासिक बिलावर एकूण देण्याबरोबरच 'किमान देय रक्कम' छापलेली असते. तेवढी वेळेवर भरली की खाते थकीत ठरत नाही. परंतु त्यामुळे कर्ज फिटते काय? एखाद्याची बाकी ५०,००० रुपये आहे, व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे आणि किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये आहे, असे धरू. त्यातील १,७५० रुपये व्याजात जातील, व्याजावरील १८ टक्के वस्तू व सेवा कराचे ३१५ रुपये होतील, आणि मुद्दल कमी होईल ते अवघे ४३५ रुपयांनी! शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही सामान्यतः उरत नाही. असा वक्तशीर कर्जदार कागदोपत्री निर्दोष राहतो आणि वर्षानुवर्षे कर्जातही राहतो. धनकोला याहून सोयीचा ऋणको कोणता?

आपल्या जुन्या व्यवहारशास्त्राला हा धोका ठाऊक होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा दामदुपटीचा नियम होता. मुंबई प्रांताच्या १९४६ च्या सावकारी कायद्यानेही थकलेल्या व्याजाला हीच मर्यादा घातली. बँकांच्या बाबतीत मात्र, केवळ व्याजदर जाचक आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उघडू नये, अशी तरतूद १९८४ साली झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावरील ३० टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज अनुचित ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तात्पर्य, दामदुपटीचे छत्र कार्डधारकाच्या डोक्यावर नाही. त्याचे रक्षण मुख्यतः त्याच्या सावधपणातच आहे.

हा सावधपणा म्हणजे काय? कार्डाचे व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात जात असताना मुदत ठेव जपून ठेवणे हे शहाणपण नव्हे. ठेव नसेल तर पतपेढीचे कमी व्याजाचे कर्ज काढून कार्डाची बाकी एकरकमी फेडावी. मात्र त्यानंतर कार्डावर पुन्हा उधारी चढवू नये, नाहीतर एका कर्जाची दोन होतात. बाकी फिटली की मंजूर मर्यादेच्या तुलनेत वापरलेली उधारी घटते आणि आकडा सुधारू लागतो. जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती निदान पंधरवड्यातून एकदा कळविणे बंधनकारक झाल्याने, हा बदल दिसण्यास फार काळ लागू नये. भरणा चुकल्याची खरी नोंद मात्र वर्षानुवर्षे टिकते. पैसे घेऊन ती पुसून देण्याची भाषा करणाऱ्या दलालांपासून दूर राहणेच बरे.

खरी फसगत होते ती तडजोडीत. थकलेल्या कर्जदारास 'निम्मे भरा आणि मोकळे व्हा' असे सांगितले जाते. तो कसेबसे पैसे उभे करतो आणि सुटलो असे मानतो. पतअहवालात मात्र 'पूर्ण फेडून बंद' असे न लिहिता 'तडजोडीने मिटविले' अशा अर्थाची नोंद होते, आणि पुढे गृहकर्ज मागताना तीच आडवी येते. नोकरी गेलेल्या वा आजाराने खचलेल्या कुटुंबापुढे कित्येकदा दुसरा मार्गच नसतो. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु सौद्याची पूर्ण किंमत सौद्यापूर्वी कळणे, हा त्यांचा हक्क आहे.

केवळ किमान रक्कम भरल्याने परतफेड किती लांबते, याचा इशारा बिलावर छापण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना भाग पाडले आहे. तसाच इशारा तडजोडीच्या प्रत्येक पत्रावर, ग्राहकाच्या भाषेत, ठळक अक्षरांत असला पाहिजे. महाराष्ट्रात तो मराठीत हवा. वर्षातून एकदा आपला संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळविण्याचा आणि चुकीची नोंद तीस दिवसांत दुरुस्त न झाल्यास दररोज शंभर रुपये भरपाई मागण्याचा अधिकार ग्राहकाला मिळालेला आहे. तोही वापरल्यावाचून उपयोगाचा नाही. ऋणकोने वेळेवर फेडावे हे न्याय्यच आहे. परंतु पत ही दोन्ही बाजूंची असते; ज्याने आपला हिशेब ऋणकोपुढे उघडा ठेवला नाही, त्या धनकोची पत कोणत्या आकड्याने मोजावयाची?